अंतराचे मोल

पक्ष्यांची छायाचित्रे काढू पाहणारी तरुण मंडळी प्रथम यंत्राविषयी विचारतात: कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स किती मिलिमीटरची असावी? हा प्रश्न बाजारातला वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या जिवाचे चित्र आपल्याला हवे आहे, त्याच्या किती जवळ जाण्याचा आपल्याला अधिकार आहे?

यंत्राचे गणित सोपे आहे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने १० मीटरवरून पक्षी जेवढा मोठा दिसतो, तेवढाच तो ६०० मिलिमीटरच्या लेन्सने २० मीटरवरून दिसतो. त्या वाढीव १० मीटरांत पक्ष्याचा निर्धास्तपणा सामावलेला असतो. मोठी लेन्स पक्ष्याला जवळ आणते असे आपण म्हणतो. वास्तविक ती आपल्याला दूर राहू देते. आवाज न करणारे शटर हे आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांचे वैशिष्ट्यही याच कारणाने मोलाचे आहे. मात्र काही कॅमेऱ्यांत या शटरने टिपलेले फडफडते पंख वेडेवाकडे उमटतात, हे खरेदीपूर्वी पारखून घ्यावे.

आपल्याकडील सुगरण पक्ष्याचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात ताडा-शिंदीच्या झावळ्यांवर नर अर्धवट खोपा विणतो, त्याला लटकून पंख फडफडवतो आणि मादीला बोलावतो. तिने खोपा पारखून पसंत केला, तरच तो पुढे प्रवेशाची लांब नळी विणून काम पुरे करतो. संपूर्ण खोप्याला सुमारे १८ दिवस लागतात. हे सारे टिपायचे तर केवळ चोचीचा मोठा फोटो उपयोगाचा नाही. शेजारचे खोपे, झाड व खालचे भातशेतही चौकटीत यावे लागते. म्हणून येथे १०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स सोयीची ठरते. फडफडते पंख स्थिर दिसण्यासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका शटरवेग ठेवावा.

कोणी म्हणेल, “आम्ही पक्षी मारीत नाही. आमची चित्रे पाहून लोकांना पक्ष्यांविषयी प्रेमच वाटेल. मग चार पावले पुढे गेलो तर बिघडले काय?” हा युक्तिवाद टाकाऊ नाही. चित्रांनी पुष्कळांना पक्ष्यांची गोडी लावली आहे. परंतु हेतू आपला आणि किंमत मात्र पक्ष्याने मोजायची, हा न्याय नव्हे. स्वच्छ चित्रासाठी घरट्यापुढची डहाळी दूर केली, की पिले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विचलित करण्याचा समावेश ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच केला आहे. अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायातही वाटेत आढळलेल्या घरट्यातील पक्षिणीला पिलांसह धरू नये, असा नियम आहे.

शिवाय येथे सत्याचाही प्रश्न आहे. चोचीत घास धरून, आपल्याला भिऊन घरट्याबाहेर घुटमळणाऱ्या पक्ष्याचे चित्र काढावे आणि खाली ‘नैसर्गिक वर्तन’ असे लिहावे, तर ते असत्यच होय. चित्रात आपण दिसत नाही. पण पक्ष्याच्या ताठलेल्या मानेत आपणच असतो.

मग लाखोंची लेन्स ज्याला परवडत नाही, त्याने काय करावे? रिचर्ड व चेरी किअर्टन या इंग्रज बंधूंजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी साधने नव्हती. पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवला आणि आत कॅमेरा घेऊन वाट पाहिली. आपल्याला एवढे करण्याची गरज नाही. घराची खिडकी, उभी केलेली मोटार किंवा घरट्यापासून दूर लावलेला साधा कापडी आडोसाही पुरतो. पैशाने घेता येणारे अंतर काही अंशी धीरानेही मिळवता येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: आधी दुर्बीण घ्या आणि एक पावसाळा नुसते पाहा. पक्षी कशाने दचकतो, किती अंतरावर निवांत राहतो, हे कळले की कोणती लेन्स हवी तेही कळेल. आणि चित्र काढताना पक्षी काम थांबवून आपल्याकडे पाहू लागला, तर बोट शटरवरून काढावे आणि दोन पावले मागे सरावे.