वहिवाट आणि ऋण

मृगाच्या सरी कोसळल्या की चिकोडीच्या ओढ्यांकाठी बिळांतून खेकडे बाहेर पडतात. घाट ओलांडल्यावाचून येथून समुद्र दिसत नाही. तरी हा प्राणी कुळाने समुद्राचाच. त्याच्या पूर्वजांनी खारे पाणी सोडले आणि नव्या मुलुखाप्रमाणे आपली राहणी बदलली. समुद्रातील बहुतेक खेकड्यांची पिल्ले प्रथम डिंभरूपाने पाण्यावर तरंगतात. ओढ्यातली खेकडीण मात्र पुरती घडलेली पिल्ले पोटाशी घेऊन फिरते. आमच्यापैकी कित्येक घराणीही अशीच कुठून तरी आली. कोणी जहागिरीबरोबर, कोणी पेढीच्या निमित्ताने, कोणी देवळाच्या पूजेसाठी. म्हणून या जुन्या बिऱ्हाडकरूविषयी आम्हांस कुतूहल वाटते.

त्याच्या कुळाचा इतिहास दगडांत आहे. पश्चिम भारतातील खेकड्यांचे जीवाश्म प्रथम तपशीलाने अभ्यासले ते फर्डिनांड स्टोलिच्का या भूवैज्ञानिकाने. सिंध आणि कच्छ येथील खेकड्यांवरचा त्याचा प्रबंध 1871 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु या कुळाची खरी भरभराट त्याहूनही फार पूर्वीची, प्रवाळांच्या वस्तीतली. स्पेनच्या उत्तरेस कोस्कोबिलो येथील एका सोडून दिलेल्या खाणीत, सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळखडकात, खेकडे आणि त्यांच्या दशपाद भाऊबंदांच्या तीसहून अधिक जाती सापडल्या आहेत. प्रवाळांच्या कपारीत आसरा होता, अन्न होते. तेथे नव्या जाती उदयास आल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या वैभवाची दुसरी बाजूही दाखविली. ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात प्रवाळखडक वाढले तसे खेकडे वाढले. पुढे ते खडक ओसरले, तेव्हा खेकड्यांच्या अनेक जातीही नाहीशा झाल्या. घर गेले, त्यासरशी बिऱ्हाडही गेले.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याने बांधलेल्या घरात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याचे त्या घराशी नाते कोणते? वहिवाटीचे, की ऋणाचे? वहिवाटीचा दावा काळावर उभा असतो: आम्ही इतकी वर्षे येथे आहोत, म्हणून हे आमचे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या सीमाभागात आम्ही हा हिशेब पुष्कळ मांडला आणि ऐकला. पण प्रवाळखडकाकडे पाहिले की तो हिशेब अपुरा वाटतो. तो खडक रचणारे जीव इवलेसे; प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या सांगाड्यांवर बसते. तेथे पहिला कोण हे विचारून काय साधणार?

काही खेकड्यांनी मात्र या प्रश्नाला जणू कृतीने उत्तर दिले आहे. आजच्या समुद्रात ट्रॅपेझिया नावाचा लहानसा खेकडा जिवंत प्रवाळाच्या फांद्यांत राहतो. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला की तो नांग्यांनी त्याला हुसकावतो. प्रवाळावर बसलेला गाळही दूर करतो. हे खेकडे काढून घेतले तर प्रवाळाची हानी वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

यावर कोणी म्हणेल, खेकडा स्वतःच्या पोटासाठी राखण करतो. त्यात नीती कसली? आक्षेप रास्त आहे. निसर्ग कोणाला नीतीचे पाठ देत नाही. खेकड्याचा स्वार्थ आणि घराचे हित एकाच फांदीवर बसलेले असतात. त्याला निवड करावी लागत नाही. माणसाला ती करावी लागते. घराची गरज संपल्यावरही, मुले पुण्या-मुंबईस गेल्यावरही, ज्या गावाच्या पाण्यावर आणि ज्या शेजाऱ्यांच्या कन्नड बोलीच्या सोबतीने आम्ही वाढलो, त्यांचे काही देणे उरते का? आमच्या मते उरते. नैतिकतेचा आरंभच तेथे होतो. गरजेपोटी केलेली राखण शहाणपणाची. गरज सरल्यावर केलेली राखण ऋण फेडणारी.

2024 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेने प्रवाळांचा रंग उडाला. घरे कशी जातात, हे पाहण्यासाठी कोट्यवधी वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. आमचे घराणे येथे कधी आले, ते आम्ही पणजोबांच्या नावासह सांगू शकतो. त्यानंतर या गावाच्या विहिरीला, शाळेला, शेजाराला आम्ही काय दिले, असे कोणी विचारले तर मात्र आम्हांस थोडे थांबून आठवावे लागते.