कललेलें अक्षर व सरळ व्यवहार

अक्षरास नीति असते काय, असा प्रश्न कोणीं केला तर आमचे पुष्कळ वाचक हंसतील. शब्द खोटा असूं शकेल, अर्थ भ्रामक असूं शकेल. परंतु शाईच्या आकारास पापपुण्य कसलें? तथापि या प्रश्नाचा थोडा विचार करणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

जाहिरातींत आज सर्वत्र दिसणारें ठळक, रुंद, उजवीकडे कललेलें व टोकांस शेपूट नसलेलें अक्षर हें निरनिराळ्या काळांचें अपत्य आहे. व्हेनिस येथें आल्डस मानुतियस यानें १५०१ सालीं व्हर्जिलचें काव्य तिरप्या अक्षरांत छापिलें, तें हातीं धरावयाच्या लहान ग्रंथासाठीं. त्या अक्षरांत आरडाओरड मुळींच नव्हती. बिनशेपटीच्या रोमन अक्षराचा छापील नमुना लंडनमध्यें १८१६ च्या सुमारास निघाला. पुढें व्यापारानें दोघांस एकत्र आणून जाड केलें. देवनागरीस हा वेष उसनाच होय. १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं काढिलेल्या निर्णयसागर छापखान्याचीं नामांकित अक्षरें ताठ उभीं असत. आपलें अक्षर तिरपें केलें असतां शिरोरेषा आडवीच राहते, दंड तेवढे कलतात. शिवाय जोर देण्यास आमच्या भाषेजवळ ‘च’ हें एक अक्षर पुरेसें आहे.

आतां वाशीम जिल्ह्यांतील शेलूबाजार घ्या. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, व त्यावरून या गांवाकडे उतरण्याची वाट आहे. वेगानें जाणाऱ्या प्रवाशास गांवाचें नांव क्षणांत वाचतां यावें म्हणून फलकावर मोठें अक्षर घालणें ही सोय आहे, आणि तें सरळ उभें असतें. तेथें अक्षर वाचकाची चाकरी करितें.

परंतु मृगाच्या तोंडावर सोयाबीनचें बी घेण्यास बाजारांत आलेल्या शेतकऱ्याचें काय? १९६६ च्या बियाणें अधिनियमानें उगवणशक्तीस किमान मर्यादा घालून ती चिठ्ठीवर दर्शविण्याचें बंधन आणिलें. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास ती शेंकडा सत्तर आहे. ज्या आंकड्यावर त्याचें वर्ष अवलंबून, तो आंकडा बारीक चिठ्ठींत दडतो, आणि वाणाचें नांव मात्र पिशवीभर धांवत असतें. पिशवीवर एकहि शब्द खोटा नसेल. तरी दृष्टि भलतीकडे वळविली जाते.

यावर व्यापारी विचारील, नांव दिसलें नाहीं तर माल विकावा कसा? प्रश्न रास्त आहे, व नांव ठळक असण्यास आमची हरकत नाहीं. परंतु अक्षराचा लहानमोठेपणा हें एक प्रकारचें विधानच आहे: यांत महत्त्वाचें काय, हें तो वाचकास सांगतो. म्हणून असत्य वाक्यांत नसून प्रमाणांतहि असूं शकतें. तिरपें अक्षर स्वतः निर्दोष. दोष असलाच तर तें कोठें घालावयाचें हें ठरविणाराचा. आमची कसोटी इतकीच: जें कळलें नाहीं तर घेणाऱ्याची हानि होईल, तें देणाऱ्याच्या नांवापेक्षां बारीक छापूं नये. ही कसोटी मान्य होईल त्या दिवशीं पिशवीवरील नांव खुशाल धांवूं द्यावें. उगवणीचा आंकडा त्याच्या बरोबरीनें उभा असला म्हणजे झालें.