अवघड वाहन आणि त्याचा स्वामी

विकत घेतलेल्या वस्तूने केलेल्या निराशेचे बहुतेक प्रकार नीतिविचाराच्या दृष्टीने फारसे लक्षणीय नसतात. कापड विटले, घड्याळ मागे पडू लागले, नव्या घराच्या भिंतीला ओल आली. अशा वेळी वस्तूने दिलेले वचन मोडलेले असते आणि दोष कोणाचा हे ठरवणे सोपे असते. अतिवेगवान स्पोर्ट्स कार घेणाऱ्याच्या वाट्याला येणारी निराशा मात्र निराळ्या जातीची आहे. येथे वचन मोडलेले नसते. सांगितलेली अश्वशक्ती गाडीत असते आणि सांगितलेला वेग ती गाठते. तरीही काही महिन्यांत मालक तिला टाळू लागतो. क्लच जड आहे, मागचे दिसत नाही, गतिरोधकावर पोट घासते, पावसात भीती वाटते, अशी तक्रारींची यादी तो ऐकवतो. मुंबई-पुण्याच्या गर्दीत काय किंवा भिलाईजवळच्या चरोद्यातून जाणाऱ्या, पोलादाच्या आणि कोळशाच्या ट्रकांनी भरलेल्या महामार्गावर काय, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. परंतु ज्या दुःखापोटी ती बोलली जाते, ते दुःख यादीत नसते. कायद्याने जी वस्तू पूर्णतः आपली आहे ती आपल्याला जुमानत नाही, हे ते दुःख होय.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण अशा वेळी चटकन ओठांवर येते. ती अर्धीच लागू पडते, कारण काही अंगणे खरोखरच वाकडी असतात. अमेरिकेत १९९२ मध्ये विक्रीस आलेल्या डॉज वायपर या गाडीला आठ लिटरचे, दहा सिलिंडरांचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते. मात्र ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा नव्हती, दाराला बाहेरून मूठ नव्हती, बाजूच्या काचाही नव्हत्या. धुराच्या नळ्या दाराखालून गेलेल्या असल्याने उतरताना पाय भाजण्याचा संभव असे. अशा गाडीच्या मालकाला चालवण्याचे कौशल्य नाही म्हणून हिणवणे हा रसिकतेचा नव्हे, उर्मटपणाचा प्रकार झाला. गैरसोयीलाच तपश्चर्या मानणारा एक वर्ग मोटारींच्या जगात आहे, तसा तो साहित्याच्या जगातही आहे. दुर्बोधतेवर पोसलेल्या अहंकाराचा परिचय मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही.

पण काही गाड्यांचे अवघडपण गैरसोयीत नसते, ते त्यांच्या रचनेतच असते. १९७५ मध्ये बाजारात आलेली पोर्शे कंपनीची ९११ टर्बो ही या बाबतीत जवळजवळ नीतिकथेसारखी आहे. तिचे तीन लिटरचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले; शक्ती २६० अश्वशक्ती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच घडत नसे, आणि मग टर्बो जागा झाला की सारी शक्ती एकदम चाकांवर कोसळत असे. चालक तोवर वळणाच्या मध्यावर आलेला असायचा. घाबरून त्याने पाय उचलला की भार पुढच्या चाकांकडे सरके, मागच्या टायरांची जमिनीवरील पकड सुटे आणि इंजिनाच्या वजनाने गाडीची मागची बाजू बाहेर भिरकावली जाई. म्हणजे जी हालचाल माणूस जीव वाचवण्यासाठी उपजत करतो, तीच येथे घात करणारी होती. 'विधवा करणारी' अशा अर्थाचे टोपणनाव त्या गाडीला मिळाले ते यामुळे. वळणात शिरण्यापूर्वीच वेग आवरावा आणि एकदा शिरल्यावर भीती वाटली तरी पाय स्थिर ठेवावा, हे तिचे शास्त्र. ते सांगायला एक वाक्य पुरते. अंगी बाणायला काही वर्षे लागतात. ती वर्षे गाडीच्या किमतीत समाविष्ट नसतात, आणि मालकाची निराशा नेमकी या ठिकाणी जन्मते.

या निराशेवर कारखानदारांनी उपाय शोधला. घसरणाऱ्या गाडीचे एकेक चाक आपण होऊन आवरणारी संगणकीय स्थैर्ययंत्रणा १९९५ पासून गाड्यांत येऊ लागली, आणि युरोपीय संघात २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिने असंख्य प्राण वाचवले आहेत. तिच्याविरुद्ध बोलणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परंतु तिचा एक परिणाम नीतीच्या प्रांतातला आहे. चालकाची चूक यंत्र निमूटपणे दुरुस्त करते आणि दुरुस्त केल्याचे क्वचितच जाणवू देते. मालकाला वाटते, गाडी आपल्याला वश झाली. जुनी गाडी त्याचा अपमान करीत होती, नवी त्याची खुशामत करते. आणि खुशामतीला सरावलेल्या सत्ताधाऱ्याप्रमाणे त्यालाही आपल्या शक्तीची खरी सीमा कळेनाशी होते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे पोर्शेच्याच एका गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा होता. ही गाडी विजेवर चालणारी होती, गिअर बदलण्याची यातायात चालकावर न टाकणारी. प्रचंड शक्ती तिने पायाच्या एका दाबाखाली सुलभ करून ठेवलेली. अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहावा, ही जामिनाची एक अट देशभर गाजली आणि पुढे तो आदेश बदलला. निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र अवघड गाडी देऊ शकली असती ती भीती, ती निराशा या सोप्या गाडीजवळ देण्यासारखी नव्हती, एवढे नोंदवणे भाग आहे. वेगाच्या अपघातात मरणारा पुष्कळदा मालक नसतोच. ज्याने ती शक्ती कधी मागितली नाही असा कोणी वाटसरू असतो. 'माझी गाडी, माझा जीव, माझी मर्जी' हा युक्तिवाद रस्त्यावर टिकत नाही तो यासाठी.

येथे स्वामित्व आणि अधिकार यांत भेद करावा लागतो. पूर्वमीमांसेत अधिकार म्हणजे कर्म करण्याची पात्रता आणि त्याच्या फळावरील हक्क, असा दुहेरी अर्थ आहे; वेदान्ताचे प्रकरणग्रंथ अधिकारी कोण हे आधी सांगतात आणि मगच विषयाला हात घालतात. आजच्या मराठीत अधिकारी म्हणजे कचेरीतील साहेब, ही अर्थच्युती मोठी बोलकी आहे! पण हा शब्द निर्दोष मात्र नाही. पात्रतेचे नाव घेऊन जन्माची कुंपणे याच शब्दाने उभारली. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीपाशी आहे, आत नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांना ज्या कल्पनेशी झुंजावे लागले, ती अधिकाराचीच होती. तेव्हा हा शब्द पुन्हा वापरायचा तर त्यातून जन्म काढून टाकावा लागेल. वळणावरची गाडी नेमके तेच करते. ती कुळ पाहत नाही आणि पैसाही पाहत नाही. हात आणि पाय काय शिकले आहेत एवढेच पाहते.

सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये कसोटी शतकांच्या संख्येत ब्रॅडमनची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हस्ते. आयातशुल्काच्या माफीवरून वाद झाला, अखेर शुल्क कंपनीने भरले, आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. वर्तमानपत्रांनी या प्रकरणात पैशाचा हिशेब पुष्कळ मांडला. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच होती. ज्या फलंदाजीसाठी ही भेट होती, ती भेट म्हणून मिळालेली नव्हती. रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत आणि बाद न होता टिकला तर ते त्या मुलाला मिळे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. त्याची बॅटही नेहमीपेक्षा जड, दुसऱ्याच्या हाती बेढब वाटावी अशी. तेरा रुपयांच्या त्या नाण्यांवर त्याचा जो अधिकार आहे, तो ४०० अश्वशक्तीच्या गाडीवर कागदोपत्री मिळणाऱ्या स्वामित्वाहून वेगळ्या धातूचा आहे.

सुरतेहून निघणारा महामार्ग धुळे, अकोला, नागपूर करीत दुर्गनंतर चरोद्याला येतो. येथे भिलाईचे रेल्वे यार्ड आहे आणि विजेच्या इंजिनांची शेडही. डब्ल्यूएजी-९ जातीच्या मालवाहू इंजिनाची शक्ती सहा हजार अश्वशक्तीहून अधिक, म्हणजे वर सांगितलेल्या फेरारीच्या पंधरापट. त्याचे वजन १२३ टन, आणि वेग जेमतेम ताशी १०० किलोमीटर. कारण ही शक्ती चार-पाच हजार टनांचे ओझे हलवण्यासाठी आहे. या इंजिनाला वैयक्तिक मालक नाही. ते चालवणारा सहायक म्हणून लागतो, पुढे मालगाडी, मग प्रवासी गाडी अशा पायऱ्या चढतो, आणि कितीही अनुभवी असला तरी नव्या मार्गावर त्याला एकट्याने गाडी नेता येत नाही. जाणत्या चालकाबरोबर दिवसा आणि रात्री फेऱ्या करून चढ, उतार, वळणे, सिग्नलच्या जागा त्याला शिकाव्या लागतात. मग तो मार्ग आपल्याला ठाऊक असल्याचे त्याने सही करून सांगायचे असते. ही सही म्हणजे शक्तीच्या मालकीचा दावा नव्हे. आपल्याला काय येते याची ती जबाबदार कबुली असते. तीही कायमची नव्हे. काही महिने त्या मार्गावर काम केले नाही, तर जुन्या जाणत्या चालकालाही पुन्हा कोणाच्या तरी शेजारी उभे राहून तो मार्ग पाहावा लागतो.