पूर्वजांचे पाप आणि वंशजांचे ऋण

कादंबरीत भूत येते ते वाचकास भिवविण्याकरिता, असा सामान्य समज आहे. परंतु उत्तम भूतकथांतील भूत बहुधा थकलेले येणे वसूल करावयास आलेले असते. अमेरिकन ग्रंथकार नॅथॅनिएल हॉथॉर्न याची १८५१ साली प्रसिद्ध झालेली 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' ही कादंबरी या दृष्टीने वाचली म्हणजे एक जुनाच नीतिप्रश्न आपणांपुढे उभा राहतो : पूर्वजांनी केलेल्या अन्यायाबद्दल वंशज काय देणे लागतात?

कथानक थोडक्यात असे. कर्नल पिंचन या बड्या गृहस्थाचा डोळा मॅथ्यू मॉल नामक एका गरिबाच्या जमिनीवर असतो. पुढे मॉल चेटुकाच्या आरोपावरून फासावर जातो, आणि त्याच जागेवर कर्नलचा सात त्रिकोणी छपरांचा वाडा उभा राहतो. मॉलने मरताना शाप दिलेला असतो. गृहप्रवेशाच्या दिवशीच कर्नल आपल्या खुर्चीत मृत आढळतो. सुमारे दीडशे वर्षांनी त्याचा वंशज न्यायाधीश जॅफ्री हा त्याच वाड्यात, त्याच खुर्चीत तसाच मरतो.

या कल्पनेस इतिहासाचा आधार आहे. सेलम येथील १६९२ सालच्या चेटुकाच्या खटल्यांत १९ जण फाशी गेले, आणि तेथील न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा या ग्रंथकाराचा खापरपणजोबा होय. त्याचा सहकारी सॅम्युएल स्यूअल याने १६९७ साली बोस्टनच्या प्रार्थनामंदिरात सर्वांसमक्ष उभे राहून आपला दोष पत्करला. हॅथॉर्नने तसे केल्याची नोंद नाही.

मग पणतूच्या पणतूने काय करावे? याज्ञवल्क्यस्मृतीतील एक भेद येथे उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे ती सांगते; परंतु पित्यास झालेल्या दंडाची राहिलेली बाकी पुत्राने देण्याचे कारण नाही, असेही सांगते. दंड हा अपराधाचा असतो, आणि अपराध वारशाने येत नाही. वाडा मात्र वारशाने येतो. पोटासाठी त्याच वाड्यात किरकोळ दुकान थाटणारी वृद्ध हेप्झिबा सर्वस्वी निरपराध आहे. तथापि निरपराध असणे निराळे आणि अनृणी असणे निराळे.

याच कसोटीवर कादंबरीचा शेवट आम्हांस उणा वाटतो. मॉलचा गुप्त वंशज होलग्रेव्ह हा पिंचन कुळातील फीबीचे पाणिग्रहण करतो, आणि सर्व मंडळी मृत जॅफ्रीच्या संपत्तीचे धनी होऊन त्याच्या खेड्यातील हवेलीत राहावयास निघतात. वैर मिटते, ही गोष्ट खरी. परंतु मॉलच्या वंशास जे हक्काने मिळावयाचे ते सासरच्या कृपेने मिळते. प्रत्येक पिढीने आपले घर नव्याने बांधावे असे एकेकाळी सांगणारा होलग्रेव्ह, मालक होताच, ती हवेली दगडी का नाही म्हणून हळहळतो! उपेक्षितास मालमत्ता मिळाली की तोही नवा कर्नल होऊ लागतो, हे हॉथॉर्नने पाहिले. पण पाहून हसून सोडून दिले.

प्रत्यक्षातील हिशेब अधिक संथपणे चालला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७११ साली पीडितांस व त्यांच्या वारसांस ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. पण दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव कायद्याने निष्कलंक व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले. ज्यांनी हा ठराव केला त्यांपैकी कोणीही तिला शिक्षा दिली नव्हती. तरीही ती नोंद आपल्याच दप्तरात आहे, म्हणून ती दुरुस्त करणे आपणांकडे येते, एवढे त्यांनी मानले. वाड्याच्या वारसानेही याहून अधिक काही मानावे असे आमचे म्हणणे नाही. पण याहून कमी मानून त्यास त्या वाड्यात सुखाने झोप येऊ नये.