महामारी, मतदान आणि ओळखीचे बोलावणे

करोनाकाळातील निवडणुकांवर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचा सगळा डोलारा एकाच गृहीतकावर उभा आहे. ज्याला रोगाची भीती तो घरी बसतो, ज्याला नाही तो रांगेत उभा राहतो. म्हणजे मतदानाची टक्केवारी हा लोकांच्या भीतीचा तापमापक. परिसंवादांत आणि रविवारच्या पुरवण्यांत हे इतक्या सहज मांडले जाते की पुरावा मागणाराच अडाणी ठरावा. हे गृहीतक नंदुरबारमध्ये टिकत नाही, आणि माझ्या मते इतरत्रही टिकत नाही. पण नंदुरबारमध्ये त्याचा पोकळपणा फार लवकर दिसतो.

15 जानेवारी 2021 रोजी राज्यातील बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. लस अजून कुणाच्या दंडाला लागलेली नव्हती. तरी राज्याची सरासरी 79 टक्के. दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झाले. पुढे उन्हाळ्यात लस सर्वसामान्यांपर्यंत आली तेव्हा नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात पथके पाड्यावर पोहोचली की माणसे रानात निघून जात, लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, अशा वावड्या उठत. आता एरवी भरघोस मतदान करणारा हाच पट्टा. झाले, भाष्यकारांना निष्कर्ष सापडला: या लोकांना रोग कळलाच नाही, म्हणून ते बिनघोर मतदानाला जातात आणि बिनघोर लस नाकारतात.

हा निष्कर्ष खोटा आहे. लोकांना भीती होती. 2020 मध्ये करोनाच्या धास्तीने नर्मदाकाठच्या पाड्यांवरून आया-मुले अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा तिथल्या एका सेविकेने स्वतः नाव वल्हवत पलीकडचे पाडे गाठले, मुलांची वजने घेतली, गरोदर बायांना खाऊची पाकिटे दिली. तिची बातमी देशभर गाजली, कौतुक झाले. पण बातमीच्या पोटात दडलेली गोष्ट कुणी उचलली नाही. अंगणवाडी म्हणजे पोषण आहार, म्हणजे घरात येणारे अन्न. ते सोडून देण्याइतकी भीती ज्यांना होती, त्यांना ‘रोग कळला नाही’ असे म्हणायचे कोणत्या तोंडाने? आणि त्याच बाया त्या सेविकेपुढे मूल तराजूत ठेवायला तयार झाल्या. भीती काही एका दिवसात ओसरली नव्हती. समोर आलेली बाई ओळखीची होती.

भीतीच्या सिद्धान्ताची खरी खोड वेगळीच आहे. तो कधी चुकूच शकत नाही. कोथरूडचा सुशिक्षित मतदार घरी बसला, तर ती दक्षता. धडगावचा माणूस केंद्रावर गेला, तर ते अज्ञान. तोच माणूस लसीला नको म्हणाला, तर पुन्हा अज्ञान, फक्त आता ‘अनाठायी भीती’ या नावाने. एकाच माणसाला जानेवारीत निर्भय आणि जूनमध्ये भित्रा ठरवणारा सिद्धान्त काहीच समजावून सांगत नाही. माणसाची प्रतवारी तेवढी करतो. मला तर वाटते, शहरी अनास्थेला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून देणे, एवढाच त्याचा खरा उपयोग.

जगाकडे पाहिले तरी तेच. 15 मार्च 2020 ला फ्रान्समध्ये नगरपालिकांच्या पहिल्या फेरीचे मतदान 45 टक्क्यांच्याही खाली घसरले. सहा वर्षांपूर्वी ते 63 टक्क्यांच्या वर होते. बरोबर महिन्याने, 15 एप्रिलला, दक्षिण कोरियात 66 टक्के लोक बाहेर पडले, अठ्ठावीस वर्षांतला उच्चांक. कोरियातले लोक काही कमी घाबरलेले नव्हते; उलट त्यांना साथीची जाण आधी आली होती. फरक असा, की फ्रान्सच्या सरकारने आदल्या संध्याकाळी मध्यरात्रीपासून उपाहारगृहे बंद केल्याचे जाहीर केले आणि त्याच दमात सांगितले, उद्या मतदान मात्र करा. अशा बोलावण्याला कोण जाईल? बिहारमध्ये 2020 च्या विधानसभेला 2015 पेक्षा टक्का किंचित वाढलाच. प्लेग-इन्फ्लुएन्झापासून आपण हेच शिकायला हवे होते, की साथीत लोक रोगाइतकेच दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला जोखतात. पुण्यातल्या 1897 च्या प्लेगच्या झडत्यांची आठवण पुरेशी आहे.

पैसे घेऊन मतदान होते, हे स्पष्टीकरण मी विचारात घेत नाही. पैसे शहरातही वाटले जातात. कोरियाकडे बोट दाखवून ‘संस्थांवरील विश्वास’ हे उत्तर देणारेही आहेत. ते निदान योग्य दिशेने पाहतात, पण सातपुड्यातल्या माणसाचा कोणत्या संस्थेवर विश्वास बसावा, असे या संस्थांनी केले आहे? झोळीतून रुग्ण डोंगर उतरवावा लागतो तिथे आरोग्ययंत्रणेवरील विश्वासाची भाषा चेष्टेची वाटते.

एक साधी गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती साथीहून जुनी आहे: स्थलांतर. दिवाळी झाली की जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये असते तेव्हा माणसे घरी असतात. जानेवारीत नसतात. म्हणून जानेवारीच्या ग्रामपंचायतीला उमेदवार गाडी पाठवतो. बारडोलीकडच्या फडावर जीप येते, तिच्यात चुलतभाऊ असतो, तो नावानिशी हाका मारतो, रात्री निघून सकाळी गावच्या शाळेपाशी उतरवतो, संध्याकाळी परत. खाडा झालेल्या दिवसाचे काय, हे भावकीत ठरते. रांगेत पुढे आतेभाऊ, मागे साडू. मास्क असले तरी चालण्यावरून माणूस ओळखू येतो.

आता लसीचे पथक आठवा. अनोळखी गाडी. आपादमस्तक झाकलेली माणसे, ज्यांचा चेहरा दिसत नाही. बोली मराठी, पाड्यावरची भिल्ली किंवा पावरी नव्हे. आधार कार्ड दाखवा, मोबाइल नंबर सांगा, ओटीपी येईल. आणि धडगावच्या वरच्या पाड्यात रेंज नाही. टोचल्यावर दोन दिवस ताप आला तर मजुरी गेली, ती कोण देणार याचे उत्तर पथकाकडे नाही. एका बोलावण्याला माणूस गेला आणि दुसऱ्याला गेला नाही, यात विसंगती कुठे आहे? माझ्या लेखी हाच सगळा प्रश्न आहे: ओळखीचे बोलावणे आणि अनोळखी बोलावणे. विश्वास नव्हे, ओळख. विश्वास संस्थेवर ठेवायचा असतो. ओळख माणसाशी असते, आणि ती नसेल तर विश्वासाचा प्रश्न उपस्थितच होत नाही. त्या काळात या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर आणि भिल्ल समाजातले होते. दुसऱ्या लाटेपूर्वीच त्यांनी उभ्या केलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांचे देशाने कौतुक केले, ते योग्यच. पण जिल्हाधिकारी ओळखीचा असून भागत नाही, पाड्यावर सुई घेऊन येणाराही तसा लागतो.

याच जिल्ह्यातले आणखी दोन दाखले. धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधान परिषद पोटनिवडणुकीचे मतदान मार्च 2020 अखेरीस व्हायचे होते, साथीमुळे ते 1 डिसेंबरला झाले. मतदार 437, मतदान 434. हे मतदार नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. त्यांना रोग ‘कळला नव्हता’ असे कुणी म्हणाले नाही! दुसरा दाखला जिल्हा परिषदेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने ओबीसी जागा रद्द झाल्या, नंदुरबारसह सहा जिल्ह्यांत पोटनिवडणुका लागल्या. जुलैचे मतदान साथीमुळे थांबले आणि 5 ऑक्टोबरला झाले. तोवर लस गावोगाव पोहोचली होती. भीतीच्या हिशेबाने मतदान वाढायला हवे होते. सहा जिल्ह्यांची सरासरी आली 63 टक्के. जिल्हे वेगळे, निवडणूक वेगळी, तेव्हा या आकड्यावर फार भार टाकू नये हे मला मान्य आहे. तरीही गटाचा उमेदवार गावच्या उमेदवाराइतका भावकीतला नसतो, एवढे त्यातून दिसतेच.

ओळखीचे मी गोडवे गातो आहे असे कुणी समजू नये. जानेवारी 2021 मध्येच नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत देवळासाठी सरपंचपदाची 42 लाखांची बोली लागली आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली. ओळख इतकी घट्ट, की मतदानाची गरजच उरली नाही. आणि धोका काल्पनिक होता असेही मी म्हणत नाही. तो केंद्रावर दिवसभर बसणाऱ्या शिक्षकांनी सोसला. उत्तर प्रदेशातल्या 2021 च्या पंचायत निवडणुकांनंतर शिक्षकांच्या मृत्यूंवरून उठलेला आक्रोश विसरता येत नाही. पण तो हिशेब कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा आहे, मतदारांच्या मनोवृत्तीचा नाही. दोन्ही एकाच टक्केवारीत कोंबले की दोन्ही कळेनासे होतात.

साथीपूर्वी, 2019 च्या लोकसभेला नंदुरबारमध्ये सुमारे 68 टक्के मतदान झाले, शहरी कल्याणमध्ये सुमारे 45. साथीनंतर, 2024 ला, नंदुरबारमध्ये 70 टक्क्यांहून थोडे जास्त, कल्याणमध्ये जेमतेम 50. या वीस-तेवीस टक्क्यांच्या अंतराला करोना जबाबदार नाही.