तिला विचारले का?

हरेगावला मतमाउलीच्या यात्रेची गर्दी ओसरत होती. एक तरुण गृहस्थ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पदरी तीन मुले, धाकटे महिन्याचे. बोलणे पापनिवेदनातले नव्हते आणि त्यांच्या संमतीनेच ते येथे लिहितो.

"फादर, आमच्या मंडळींचं ऑपरेशन करायचं ठरलंय. पाप लागेल का?"

उत्तर मला तोंडपाठ होते. पण 'ठरलंय' हा शब्द टोचला.

"कोणी ठरवलं?"

"आईनं. दवाखान्यातल्या बाईपण म्हणाल्या."

"आणि तिला विचारलंत का?"

भलतेच काही विचारल्यासारखे ते माझ्याकडे पाहू लागले.

ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे. 25 जुलै 1968 च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी अशा शस्त्रक्रियेला, पुरुषाची असो वा स्त्रीची, मनाई केली. ती मी सांगत आलो आहे व सांगत राहीन. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली हेही म्हटले, की अपत्ये किती असावीत हा निर्णय अखेर पतिपत्नींनीच परमेश्वरासमोर घ्यायचा आहे. मार्ग कोणता, हा प्रश्न वेगळा. पण निर्णय दोघांचा. सासूबाईंचा नव्हे, सरकारचा नव्हे, आणि (येथे लेखणी थोडी अडखळते) धर्मगुरूचाही नव्हे.

सरकारने तो एकदा हिसकावून घेऊ पाहिला होता. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 83 लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. आणीबाणी संपली, पुरुष मागे सरले आणि ओझे बायकांच्या पोटावर आले. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही नाही. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, तिच्यात पोट उघडावे लागत नाही. ती करून घ्या असे मी म्हणत नाही. पण हा आकडा घराघरांतल्या मौनाचाही आहे.

नैसर्गिक पद्धतीविषयी आम्ही विवाहपूर्व शिबिरात बोलतो. तिची एक अडचण मला उशिरा कळली : ती मुक्याने पाळताच येत नाही. कोणते दिवस, किती दिवस, हे पत्नीने सांगायचे आणि पतीने ऐकायचे. शस्त्रक्रिया मात्र एकमेकांशी एक शब्दही न बोलता उरकता येते. जेथे पती ऐकत नाही, तेथे आमचा उपदेश त्या स्त्रीला एकटी सोडतो, हे मला कबूल केले पाहिजे.

पुढच्या यात्रेला ते दोघे भेटले. बाई म्हणाल्या, "यांनी विचारलं तेव्हा मी रडले, फादर. ऑपरेशनची भीती नव्हती, चौथ्याची होती. ते कुणी विचारलंच नव्हतं." ऑपरेशन झाले नव्हते. मी नैसर्गिक पद्धत समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आणि यांनी ऐकलं नाही तर?"

मी त्यांच्या यजमानांकडे पाहिले. ते बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "ऐकीन."