सावलीतल्या माणसाचं मत

खोडाला ढोली पडलेलं मोठं झाड दिसलं की आपल्या डोक्यात दोनच बटणं उरतात: पाडा किंवा वाचवा. लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, माणसाच्या जिवापेक्षा झाड मोठं नाही. दुसरा म्हणतो, झाडं तोडूनच तर ही वेळ आली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण समोरच्या झाडाचं काय करायचं, हे त्यांतल्या एकावरूनही ठरत नाही.

आधी झाड समजून घेऊ. मोठ्या झाडाच्या खोडाचा बराचसा भाग तसाही जिवंत नसतो. सालीच्या आतला एक पातळ थर वाढत असतो, त्याच्या आतलं लाकूड पाणी वर नेतं आणि मधला गाभा म्हणजे मृत लाकूड. त्यामुळे गाभा कुजला तरी वर पालवी हिरवीगार असू शकते. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये एक मांडणी केली: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बिघडलेला सर्व्हर दुरुस्त न करता नेटवर्कमधून वेगळा काढायचा, तसं. म्हणूनच ढोली खरवडून त्यात सिमेंट भरणं हा उपचार नव्हे. त्यात झाडाने घातलेली भिंतच फुटते.

मग पोकळ झाड कितपत मजबूत? इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित कामी येतं. खोडाची त्रिज्या ५० सेंटिमीटर आहे आणि आतली ३५ सेंटिमीटर पोकळ झाली, असं धरू. वाकण्याला विरोध करण्याची ताकद किती घटेल? ०.७ चा चौथा घात, म्हणजे साधारण २४ टक्के. बाहेरची १५ सेंटिमीटरची चांगली भिंत तीन चतुर्थांश काम करते. क्लाउस मॅथेक या जर्मन शास्त्रज्ञाचा प्रसिद्ध ठोकताळाही इथेच येतो: चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून कमी झाली, तर सावध व्हा. पण हे गणित बंद नळीचं आहे. ढोली एका बाजूने उघडी असेल, खोडाला चीर असेल किंवा गटाराच्या खोदाईत मुळं तुटली असतील, तर ते लागू पडत नाही. तज्ज्ञ हातोड्याने ठोकून ऐकतात, बारीक ड्रिल घालून विरोध मोजतात, ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढतात. तरीही शेवटी हातात शक्यताच येते, उत्तर नाही.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर असाच एक जुना रेन ट्री आहे. ढोली साधारण छातीच्या उंचीवर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल निघाला. मतं देणाऱ्यांत बहुतेकांची काळजी झाडाखाली लावलेल्या गाड्यांची होती, काहींना खिडकीतली हिरवळ जायला नको होती. पण दिवसाचे आठ तास त्या झाडाखाली उभे असतात इस्त्रीवाले काका. झाड पडलं तर सगळ्यात आधी त्यांच्यावर. झाड तोडलं तर एप्रिलच्या उन्हात पेटत्या कोळशाच्या इस्त्रीशेजारी तेच. धोकाही त्यांचा, फायदाही त्यांचा. ग्रुपमध्ये मात्र ते नाहीत.

मला खरा नैतिक प्रश्न इथे दिसतो. धोका हा एकट्या झाडाचा गुण नसतो; झाड आणि त्याच्याखाली काय आहे, यांच्या नात्यात तो असतो. हेच झाड माळरानावर असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, ढोलीत पिंगळ्यांनी संसार थाटला असता. त्याच्याखाली पार्किंग आपण आणलं, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आपण लावले.

शिवाय दोषाचा हिशोब एकतर्फी आहे. झाड राखलं आणि ते पडलं, तर ज्याने सही केली त्याचं नाव निघतं. झाड तोडलं आणि त्यामुळे शंभर माणसं दहा वर्षं उन्हात तापली, तर कुणाचंच नाव निघत नाही. म्हणून शंका आली की करवत पुढे येते, आणि त्याला आपण सुरक्षितता म्हणतो. पुष्कळदा ती फक्त सही करणाऱ्याची असते.

कायद्याने यावर थोडा लगाम घातला आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरलं आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. चांगलं आहे. पण साठ रोपांची सावली काकांच्या टपरीवर पडत नाही.

मग काकांना विचारायचं? हो. पण इथे एक गाठ आहे. ते म्हणतील, "राहू द्या की, इतकी वर्षं काही झालं नाही." हा होकार कितपत मोकळा? ज्याला दुसरी जागा नाही, तो धोका पत्करतो. ती निवड नव्हे, नाइलाज असतो. त्या होकारावर आपली जबाबदारी टाकून मोकळं होता येत नाही. त्यांना विचारायचं ते परवानगी मिळवायला नाही, तर कोणता धोका कुणाला किती जड आहे हे समजायला. तो कमी करण्याचा खर्च मग आपला.

असा विचार केला की दोन बटणांच्या मधली जागा दिसू लागते. रीतसर परवानगी घेऊन फांद्यांचा पसारा हलका करता येतो, म्हणजे वाऱ्याचा जोर कमी लागतो. गाड्या दुसरीकडे लावता येतात. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढता येतात. दर मे महिन्यात तज्ज्ञाकडून तपासणी करता येते. वादळाच्या दिवशी काकांना सोसायटीच्या स्लॅबखाली जागा देता येते. त्याला ठरावसुद्धा लागत नाही. आणि एखाद्या वर्षी तपासणीत भिंत पातळ झाल्याचं दिसलं, तर झाड उतरवायचं, पण त्याआधी काकांची टपरी कुठल्या सावलीत जाणार हे ठरवून.

यातलं काहीही केलं तरी धोका शून्य होत नाही. धडधाकट दिसणारं झाडही पडतं. कुठलाही निर्णय उरलेला धोका कुणाच्या तरी अंगावर टाकतोच. तो कुणाच्या अंगावर पडतो आहे, हे माहीत असताना आणि त्याच्याशी बोलून घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरू शकतो. न विचारता घेतलेला निर्णय मात्र झाड पन्नास वर्षं उभं राहिलं तरी योग्य ठरत नाही.